फटकावणे आणि धोपटणे

चेंडू जोराने मारण्याच्या क्रियेला मराठीत शब्दांची वाण नाही. टोलवणे, फटकावणे, तडकावणे, झोडपणे, बडवणे, धोपटणे. आणि बातमीदाराला अगदीच स्फुरण चढले तर गोलंदाजीची पिसे काढणे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसतात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या जाणत्या प्रेक्षकाच्या तोंडी मात्र ते तसे बसत नाहीत. ‘काय टोलवला!’ आणि ‘नुसता धोपटतोय’ हे दोन उद्गार एकाच षट्कारावर निघू शकतात, आणि ते काढणाऱ्यांना आपण काय म्हणतो आहोत हे पक्के ठाऊक असते. चेंडू दोन्ही वेळा सीमेपलीकडेच गेलेला असतो. मग भेद नेमका कोठे आहे? तो खेळाच्या तंत्रात आहे, की बोलणाऱ्याच्या अभिरुचीत, की फलंदाज कोणत्या गावचा आहे यात?

तिसरी शक्यता आम्ही उगाच मांडलेली नाही. मोताळा हे मलकापूर–बुलढाणा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा गावांतून क्रिकेट खेळले जाते ते बहुतेक टेनिसच्या चेंडूने, सहा-आठ षटकांच्या सामन्यांत, पिके निघून मोकळ्या झालेल्या जागेवर. तेथला नावाजलेला फलंदाज जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या निवडचाचणीला गेला की त्याच्याविषयीचा अभिप्राय बहुधा एकाच शब्दाचा असतो, आणि तो शब्द वरच्या यादीत शेवटून फार दूर नसतो. तेव्हा या शब्दाला काही अर्थ आहे की तो केवळ एक शिक्का आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी आपल्याच मुलखाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

1 डिसेंबर 1926. मुंबईच्या जिमखाना मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंचा संघ खेळत होता. कोट्टारी कनकय्या नायडू फलंदाजीला आले आणि दोन तासांच्या आत 153 धावा करून गेले. त्यांत 13 चौकार आणि 11 षट्कार होते. नायडू तेलुगु कुळातले, पण जन्म नागपूरचा, 31 ऑक्टोबर 1895 चा. म्हणजे ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा बुलढाणा जिल्हाही होता, त्याच प्रांतातले. या खेळीची कथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते. कार्यालये ओस पडली, झाडांवर आणि छपरांवर माणसे चढली, वगैरे. ते सारे खरे मानायला आमची हरकत नाही. पण या कथेत सहसा न येणारी एक गोष्ट आम्हांला अधिक उद्बोधक वाटते. त्याच सामन्यात, नायडूंच्या आधी, एम. सी. सी.च्या गाय अर्लने 130 धावा केल्या होत्या आणि त्यांत आठ षट्कार होते. अर्ल हा सॉमरसेटचा फलंदाज, चेंडू प्रचंड दूर मारण्यासाठीच प्रसिद्ध असलेला. एकच मैदान, एकच सामना. एकाचे आठ षट्कार, दुसऱ्याचे अकरा. नुसत्या मोजणीने पाहिले तर या दोन खेळींत तीन षट्कारांचे आणि तेवीस धावांचे अंतर आहे. परंतु इतिहासाने एकीला तळटीपेत ठेवले आणि दुसरीपासून एका देशाच्या क्रिकेटचा आरंभ मोजला. डिसेंबर 1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा नाणेफेकीला नायडूच गेले.

यात राष्ट्रीय भावनेचा वाटा मोठा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. साहेबाच्या गोलंदाजीवर साहेबाच्या जिमखान्यात मारलेला षट्कार हा निव्वळ षट्कार नसतोच. पण भावना दोन वर्षे टिकते, दहा वर्षे टिकते. तंत्र मात्र पुढच्या दौऱ्यात उघडे पडते. 1932 च्या इंग्लंड दौऱ्यात, थंड हवेत आणि हलत्या चेंडूपुढे, नायडूंनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत सोळाशेंहून अधिक धावा केल्या आणि षट्कारही मारतच राहिले. पुढच्या वर्षी ‘विस्डेन’ने त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत गणना केली. जिमखान्यावरचा मारा हा एका दुपारचा झटका असता तर इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्यांनी त्याचा हिशेब महिन्याभरात चुकता केला असता.

आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. नायडूंच्या खेळीनंतर थोड्याच दिवसांनी त्याच एम. सी. सी. संघाविरुद्ध, अखिल भारतीय संघाकडून, दि. ब. देवधरांनी 148 धावा काढल्या. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे 1940-41 च्या मोसमात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध 246 धावा केल्या. शाकुंतल शिकवणारा माणूस चेंडूही तसाच खेळत असणार, अशी आपल्या वाङ्मयीन मनाला ओढ लागते. पण तो मोह आवरलेला बरा. संस्कृताचा आणि सरळ बॅटचा संबंध अद्याप कोणी सिद्ध केलेला नाही.

सरळ बॅटचा विषय निघालाच आहे, तर तंत्राच्या मुळाशी जाऊ. नियमाप्रमाणे बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे जेमतेम 10.8 सेंटिमीटर. बॅट उभी धरून फिरवली तर चेंडू किती उसळेल याची चूक झाली तरी बॅटच्या लांबीत ती सामावते. पण तो डावीकडे-उजवीकडे किती वळेल याला सव्वाचार इंचांचीच सूट असते. बॅट आडवी फिरवली की हिशेब उलटा होतो. दिशेची चूक लांबीत खपते आणि उसळीला सव्वाचार इंच उरतात. शिवाय उभी बॅट काही काळ चेंडूच्या मार्गावरूनच प्रवास करते, त्यामुळे क्षणभर लवकर किंवा उशीर झाला तरी भेट होतेच. आडवी बॅट तो मार्ग एका क्षणात ओलांडून जाते.

आता आखूड टप्प्याचा चेंडू घ्या. तो फलंदाजापासून दूर पडतो आणि किती उंच येणार हे टप्प्यानंतर पाहायला वेळ मिळतो. म्हणून कट, पुल आणि हुक हे आडव्या बॅटचे फटके असूनही शास्त्रशुद्ध आहेत. उलट पुढे पडलेल्या, यष्टींच्या रोखाने येणाऱ्या चेंडूची उसळी पाहायला वेळच नसतो. त्यावर आडवी बॅट फिरवणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीवर पैज लावणे. धोपटणे म्हणतात ते हे. त्याचा ताकदीशी संबंध नाही, चेंडू हवेतून जाण्याशी नाही, आणि फटका दिसायला कुरूप असण्याशी तर मुळीच नाही. नायडूंचे गाजलेले फटके गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ जाणारे होते, हे येथे ध्यानात घ्यावे. सरळ बॅटने उंच मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोचला नाही तर झेल होतो, पण हुकून त्रिफळा उडण्याचा संभव त्यात कमी असतो. धोका तोही घेतोच. त्या धोक्याची किंमत मात्र त्याला ठाऊक असते.

एवढ्यावर विषय संपला असता तर बरे झाले असते. परंतु सुनील गावसकरांनी तो संपू दिला नाही. 7 जून 1975 रोजी लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी, इंग्लंडच्या 334 धावांचा पाठलाग करताना ते 174 चेंडू खेळून 36 धावांवर नाबाद राहिले. त्या खेळीचे समर्थन आजवर कोणाला जमलेले नाही आणि आम्हीही तो खटाटोप करणार नाही. बारा वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1987 रोजी, तेच गावसकर नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध सलामीला आले. अंगात ताप होता. गटात पहिले यायचे तर 222 धावांचे लक्ष्य झपाट्याने गाठणे आवश्यक होते. त्यांनी चॅटफिल्डला लागोपाठच्या चार चेंडूंवर दोन षट्कार आणि दोन चौकार मारले, 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या आणि तेहतिसाव्या षटकात सामना संपवला. शंभराहून अधिक सामन्यांच्या कारकिर्दीत एकदिवसीय क्रिकेटमधले त्यांचे हे एकमेव शतक. (तारीख वाचकाच्या लक्षात आली असेलच. नागपुरात जन्मलेल्या नायडूंचा तो वाढदिवस. याचा अर्थ काढू नये. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

या खेळीत गावसकरांनी नवे फटके शिकून आणले नव्हते. ज्या फटक्यांना ते सोळा वर्षे लगाम घालत आले तेच त्यांनी सोडले. म्हणजे आक्रमण ही त्यांच्यापाशी असलेल्या दोन उत्तरांपैकी एक निवड होती. धोपटणाऱ्यापाशी दुसरे उत्तर नसते. चेंडू पडण्याआधीच त्याचा निर्णय झालेला असतो, आणि पडलेला चेंडू त्या निर्णयाविरुद्ध कितीही ओरडून सांगत असला तरी त्याला तो ऐकू येत नाही.

पण ‘आधी ठरवणे’ हाच दोष मानावा काय? येथे 1998 च्या मार्चमधली चेन्नई कसोटी आडवी येते. पहिल्या डावात सचिन तेंडुलकर चार धावांवर शेन वॉर्नला पुढे सरसावून मारायला गेला आणि स्लिपमध्ये मार्क टेलरच्या हाती सापडला. दुसऱ्या डावात, भारत 71 धावांनी मागे असताना, वॉर्न यष्टींच्या दुसऱ्या बाजूने येऊन लेगस्टंपाबाहेरच्या उखडलेल्या जागेत चेंडू टाकू लागला. तेंडुलकरने तेच चेंडू वळणाच्या विरुद्ध, आडव्या बॅटने, मिडविकेटवरून भिरकावले आणि नाबाद 155 धावा केल्या. दुरून पाहणाऱ्याला हे धोपटणेच वाटावे. बॅट आडवी, चेंडू पुढे पडलेला, फटका आधीच योजलेला: आमच्या वरच्या व्याख्येतले सारे दोष येथे हजर आहेत. मग फरक कोणता? लेगस्टंपाबाहेर पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही, असा नियमच आहे. म्हणजे बाद होण्याची एक वाट आधीच बंद झालेली होती. उसळी किती मिळेल याचा अंदाज बसावा म्हणून तेंडुलकरने मालिकेपूर्वी लक्ष्मण शिवरामकृष्णनला तशाच खरवडलेल्या जागेत गोलंदाजी करायला लावून सराव केला होता. जी गोष्ट चेंडू पडल्यावर पाहायला वेळ नसतो ती त्याने कित्येक दिवस आधीच पाहून ठेवली होती. पैज तीच, पण पत्ते पाहून लावलेली. आमच्या मते आक्रमक तंत्राचा खरा कस हाच आहे. फटका सरळ की आडवा, आधी ठरवलेला की नंतर, हे प्रश्न दुय्यम ठरतात. अज्ञाताचा किती भाग फलंदाजाने ज्ञात करून घेतला आहे, हा मुख्य.

या कसावर टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट घासून पाहिले म्हणजे शिक्क्याचा उथळपणा दिसतो. क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमांचा. टेनिसचा 58 ग्रॅमांच्या आसपास. तो टप्प्यानंतर मंदावतो आणि हमखास उंच येतो, शिवण नसल्यामुळे पडून अचानक वळत नाही. ज्या उसळीच्या अनिश्चिततेमुळे आडवी बॅट घातक ठरते ती येथे नाहीच. शिवाय सहा षटकांच्या डावात छत्तीस चेंडूंना दहा बळी उपलब्ध असतात. चार चेंडूंमागे एक बळी गेला तरी डाव पुरतो. चार दिवसांच्या सामन्यात बळी ही जपायची ठेव असते, येथे ती चिल्लर आहे. तेव्हा त्या मैदानावर मिडविकेटवरून भिरकावणारा मुलगा आपल्या परिस्थितीचे अचूक वाचन करत असतो. सूर्यकुमार यादवने यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मारण्याच्या आपल्या फटक्यांचे मूळ लहानपणी सिमेंटवर खेळलेल्या रबरी चेंडूच्या क्रिकेटमध्ये सांगितले आहे. जानेवारी 2023 मध्ये राजकोटला त्याने 51 चेंडूंत नाबाद 112 धावा केल्या तेव्हा त्या फटक्यांना कोणी धोपटणे म्हटले नाही. ज्या विभागात बुलढाणा जिल्हा मोडतो त्या अमरावतीचा जितेश शर्मा 27 मे 2025 रोजी लखनौला 33 चेंडूंत नाबाद 85 धावा करून 228 चे लक्ष्य पार करून गेला, तेव्हाही नाही. यशस्वी झालेल्या फटक्याला नाव मिळते आणि अयशस्वी झालेल्याला शिवी, एवढे खरे.

विदर्भाने रणजी करंडक 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशा तीन मोसमांत जिंकला. त्या यशात शिस्तीच्या, लांब खेळणाऱ्या फलंदाजीचा भाग मोठा आहे, आणि ती शिस्त मोताळ्याच्या मोकळ्या जागेत आपोआप उगवणारी नव्हे. टेनिसच्या चेंडूवर वाढलेल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा चामड्याचा चेंडू आला की त्याची नजर आणि खांदे तेच राहतात. बदलते ते एवढेच की चेंडू त्याच्या सवयीपेक्षा लवकर पोचतो आणि सवयीपेक्षा खाली राहतो. ते दीड-दोन विती अंतर त्याला कोणी दाखवून द्यायचे असते. त्याला खरोखर किती चेंडू लागतात आणि निवडचाचणीत किती मिळतात, हे ज्याने त्याने जवळच्या मैदानावर जाऊन मोजावे.