चेसी तीच, बॉडी दुसरी

'महिंद्रा अँड महिंद्रा' या कंपनीचं पहिलं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं, हा मजकूर वर्षातून दोन-तीनदा तरी व्हॉट्सअॅपवर माझ्याकडे येतो. पाठवणारा बहुतेक आपल्यातलाच कुणीतरी असतो. मजकूर खोटा नाही. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाचा व्यापार करणारी ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवरून 'मोहम्मद' जाऊन तिथं दुसरा 'महिंद्रा' आला. 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून तसं केलं, असंही सांगतात.

फॉरवर्ड इथं संपतो. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या कामाची गोष्ट मात्र त्यात नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे गुलाम मोहम्मद निजाम सरकारचे अर्थमंत्री होते. म्हणजे ज्या जालन्यात बसून मी हे लिहितोय, तिथला महसूल ज्या तिजोरीत जायचा तिचा हिशेब काही काळ याच माणसाच्या हातात होता. पुढे ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले, १९५४ मध्ये त्यांनी तिथली घटना समिती बरखास्त करून टाकली (या कामाबद्दल मला त्यांचं कौतुक नाही), आणि लगेच २६ जानेवारी १९५५ ला दिल्लीत आपल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून राजपथावर बसले. 'हमारा भी हिस्सा था' म्हणणाऱ्यांनी हा माणूस पूर्ण घ्यावा, अर्धा नको.

हे सगळं आठवायचं कारण एक जीप. जुन्या जालन्यातल्या एका मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये ती आली. १९६८ सालची, सीजे-थ्रीबी. भोकरदनकडच्या एका शेतकऱ्याने सरकारी लिलावात घेतलेली, नंतर वीसेक वर्षं गोठ्याच्या कडेला उभी. नातवाने ती ट्रॅक्टरने ओढून आणली. हा नातू माझा जुना विद्यार्थी. त्याला एक सरकारी नियम मराठीत समजून घ्यायचा होता म्हणून त्याने मला बोलावलं, आणि मी पुढे दीड महिना तिथं जात राहिलो.

मराठवाड्यात जीप म्हटलं की जुन्या लोकांना आधी सरकार आठवतं. त्याही आधी फौज. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, जालन्याच्या बाजूला त्यांना प्रतिकारही झाला, आणि १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. सरकारी पुस्तकात तो मुक्तिदिन, आणि रझाकारांनी पोळलेल्या गावांसाठी तो खराच मुक्तीचा दिवस होता. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र 'पुलिस अॅक्शन' एवढाच शब्द, तोही आवाज खाली आणून. त्यानंतर काय झालं हे पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. लुधियानाच्या कंपनीने नाव बदललं ते हेच साल.

कंपनी पोलादाच्या व्यापारातून गाड्यांकडे वळली ती विलीजच्या जीपमुळे. सुटे भाग बोटीने यायचे आणि मुंबईत माझगावला जोडले जायचे. हळूहळू सगळं इथंच बनू लागलं. थ्रीबी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आलं. त्याचं बॉनेट इतकं उंच का, तर नव्या हरिकेन इंजिनमध्ये हवा घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला बसवले होते, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. दिसायला बेढबच. अमेरिकेत १९६८ मध्ये ते बंद पडलं, आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. तहसीलदार, बीडीओ, दुष्काळी कामावरचा ओव्हरसिअर, सगळ्यांच्या बुडाखाली हीच गाडी. १ मे १९८१ ला अंतुले मुख्यमंत्री असताना जालना वेगळा जिल्हा झाला, कार्यालयं वाढली, तशा जीपाही वाढल्या. त्या म्हाताऱ्या झाल्या की लिलावात निघायच्या आणि शेतकऱ्याकडे जायच्या.

आता आमच्या जीपकडे येतो. मिस्त्रींनी आधी तळाच्या पत्र्यावर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. चार ठिकाणी दांडा आरपार गेला. टब, म्हणजे जीपचा मधला डबा, खालून पार कुजला होता. "सर, ये पत्रा नहीं, पापड है," ते म्हणाले. चेसी मात्र शाबूत. जीपची बांधणी अशी, की सगळा भार चेसीच्या दोन लांब पट्ट्यांवर. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगा, दोन्ही एक्सल तिलाच. पुढच्या चाकांना जोर देणारा आणि लो गिअर टाकणारा असे दोन छोटे दांडे ज्या पेटीतून वर येतात, ती पेटीही खालीच. बॉडी वर नुसती बोल्टांवर बसलेली असते, मध्ये रबराचे तुकडे. म्हणून ती बदलता येते. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडीच सांगाडा असते, तिथं हे जमत नाही.

नवा टब पंजाब-हरियाणाकडून मागवता येतो. हरियाणातलं मंडी डबवाली या कामासाठी प्रसिद्ध आहे. लष्कराच्या जुन्या जीपा घेऊन त्यांच्यावर नव्या बॉड्या चढवणारी दुकानं तिथं आहेत. मिस्त्रींचा सल्ला सरळ होता : टब बदला. नातू अडून बसला, कारण तो नियम.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते, पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. शिवाय ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मिस्त्री पाना पुसत म्हणाले, "मतलब जो चली नहीं, वोच असली."

मला हे वाक्य नियमापेक्षा नेमकं वाटलं. सहाव्या निजामाने मागवलेली १९१२ ची रोल्स रॉईस हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये ठेवली आहे. पिवळीधमक, मूळ रूपात, कारण ती फारच थोडे मैल धावली. राजाच्या गाडीला मूळ रूप परवडतं. भोकरदनच्या शिवारात ऊन-पाऊस खाल्लेल्या, कापसाचे बोजे वाहिलेल्या गाडीला ते कुठून परवडणार? ती टिकली ती मिस्त्री, वेल्डर, डेंटर यांनी तिचा एकेक तुकडा बदलला म्हणून. सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. आपल्या पोरांनी या कामातून बाहेर पडून शिकावं, असं मीही वर्गात सांगतो. पण या हातांनी जे वाचवलं त्याला वारसा म्हणायला नियमात जागा नाही, हे मला खटकलं.

आठवडाभर विचार करून नातवाने टब बदलायचं ठरवलं. त्याला गाडी मोसंबीच्या बागेत न्यायची होती, शोकेसमध्ये नाही. गंजलेले बोल्ट गॅस कटरने तोडले, चेन कुप्पीने टब उचलला, आणि खाली चेसी उघडी पडली. मिस्त्रींनी सुतळीने दोन्ही तिरकस मापं घेतली. सारखी भरली, म्हणजे चेसी वाकडी नाही. स्प्रिंगेच्या कानाजवळ एक तडा होता, तो वेल्ड करून घेतला.

खरा जीव टांगला तो नंबराच्या जागी. चेसीवर ठोकलेल्या नंबरावर गंजाचा थर चढला होता. पोऱ्या ग्राइंडर घेऊन पुढे झाला तसे मिस्त्री ओरडले. ग्राइंडर फिरला असता तर आकडे गेले असते, आणि आकडे गेले की आरटीओच्या लेखी ती गाडी चोरीची, भंगारातली, काहीही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी गाडी जुळावी लागते. त्यांनी रॉकेलचा बोळा तासभर ठेवला, मग तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासलं. एकेक आकडा वर आला. शेवटून दुसरा तीन की आठ, यावर बराच वाद झाला. खडू घासल्यावर आठ निघाला, पुस्तकातही आठच होता. नातवाने सगळ्यांना चहा पाजला.

जुना टब वजनावर भंगारवाल्याने नेला. जालन्यात भंगाराला लांब जावं लागत नाही. इथल्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळया ओढतात. हरियाणाचा टब आला तेव्हा बोल्टांची दोन भोकं अर्ध्या इंचाने चुकलेली निघाली. ती नव्याने पाडली. फाळका मात्र जुनाच ठेवला, त्याचा पत्रा चांगला होता.

मागच्या महिन्यात गाडी आरटीओत नेली. बॉडी मूळच्याच नमुन्याची, इंजिन तेच, त्यामुळे अर्ज व्हिंटेजचा नाही, साध्या नूतनीकरणाचा, पाच वर्षांसाठी. नव्या टबचं बिल सोबत जोडलं. मिस्त्री खाली बसले, नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. आकडे कागदावर उमटले. एजंटाने तो कागद अर्जाला टाचला.