मोबाइलवर शेत मोजताना तीच चूक पुन्हा का येते?

१०० मीटर लांबीचा बांध मोबाइलवर ४ मीटर सरकलेला दिसला, तर क्षेत्रात ४०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास ४ गुंठ्यांचा फरक पडतो. एवढ्यावरून भावकीत वाद पेटतात. ‘दोन दिवस मोजलं, दोन्ही वेळा तेवढंच भरलं’ असे शेतकरी सांगतात. पण दोन्ही दिवशी वेळ एकच असेल, तर ती पडताळणी होत नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. दोन फेऱ्यांनंतर आकाशातली त्यांची मांडणी जवळजवळ पहिल्यासारखी होते. आज सकाळी १० वाजताची मांडणी उद्या ९ वाजून ५६ मिनिटांनी पुन्हा येते.

मी भायखळ्यात राहतो. इथे उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून फोनपर्यंत उशिरा पोहोचतो आणि नकाशावरचा ठिपका भलत्याच रस्त्यावर जातो. राणीच्या बागेत मोकळ्या जागी उभे राहिले की तो बराच स्थिरावतो. शेतात भिंतीचे काम पत्र्याची शेड करते. बांधावरची दाट झाडे संदेश क्षीण करतात. शेड जागची हलत नाही, उपग्रहही त्याच जागी येतात, त्यामुळे चूकही तीच येते. युरोपच्या गॅलिलिओची मांडणी सुमारे १० दिवसांनी, तर रशियाच्या ग्लोनासची ८ दिवसांनी जुळते. नवे फोन या यंत्रणाही वापरतात, म्हणून चूक हुबेहूब तीच राहत नाही. पण जीपीएसचा वाटा उरतोच.

यासाठी दुसरी मोजणी ३-४ तासांच्या फरकाने करावी. प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबावे. दुपारी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे चूक वाढते, म्हणून सकाळची वेळ बरी.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमस्वरूपी ‘कॉर्स’ केंद्रांची जागा अचूक माहीत असते. तिथे दिसणारी चूक रोव्हर यंत्राला कळवली जाते आणि उपग्रहाचे घड्याळ, कक्षा व वातावरण यांमुळे आलेला फरक बराचसा वजा होतो. तुमच्या शेडवरून परतलेला संदेश मात्र त्या केंद्राला दिसत नाही, त्यामुळे रोव्हरही शेडपासून दूर धरावा.

ठिबकचा आराखडा किंवा फवारणीच्या अंदाजासाठी मोबाइलची मोजणी चालते; तरी एक बाजू टेपने ताडून पाहावी. हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा.