ग्लँड भरणे

१७. ‘ग्लँड भरली’: खलाशांच्या तोंडचा हा प्रयोग शहरी वाचकाला अडेल. इंजिनाचा शाफ्ट पंख्याकडे जाताना होडीच्या बुडातून बाहेर पडतो, तिथे पाणी अडवायला त्याच्याभोवती चरबी किंवा ग्रॅफाइट लावलेल्या चौकोनी विणीच्या दोरीचे वेढे ठासलेले असतात; ही जागा म्हणजे ग्लँड. दोरी झिजली की गळती वाढते. मग जुने वेढे आकडीने उकरून सगळे काढायचे. वरून एखादा नवा कोंबणे ही आळशाची युक्ती, खालचे कुजके तसेच राहतात. नवा तुकडा शाफ्टवर गुंडाळून तिरका कापतात आणि प्रत्येक सांधा आधीच्यापासून फिरवून बसवतात, नाहीतर पाण्याला सांध्यासांध्यातून सरळ वाट मिळते. पुढे तांडेल ‘थेंब पडू दे’ म्हणतो, ती छपाईची चूक नव्हे. मुद्रितशोधकाने तिथे घातलेला ‘नको’ आम्ही काढला आहे. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब हवेतच, दोरी त्यानेच थंड राहते. दोरी दाबून धरणारे नट करकचून आवळले तर दोरी जळते आणि शाफ्टवर चर पडतो. म्हणूनच तांडेल ग्लँडवर हात ठेवून पाहतो: कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर नट सैल. (संपा.)