डाव्या तर्जनीवरची शाई

मतदानाच्या शाईचा विषय निघाला की म्हैसूरचा कारखाना आणि १९६२ ची लोकसभा निवडणूक यांचा उल्लेख हमखास होतो. माहिती खरी आहे, पण शाईची कथा त्याआधी दहा वर्षं सुरू होते. १९५१-५२ मध्ये देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हाच मतदारांच्या बोटाला सहजासहजी न पुसणारी शाई लागली होती. तिच्या ३,८९,८१६ कुप्या त्या निवडणुकीत वापरल्या गेल्या.

तिची गरज का पडली, हे समजायला त्याआधीचं मतदान आठवायला हवं. इंग्रजी अमलात मताचा अधिकार जमीन, कर किंवा शिक्षण पाहून मिळे. असे मतदार थोडे असत आणि बहुतेकांचं नाव कुठल्या ना कुठल्या सरकारी दप्तरात असे. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन देताना डॉ. आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला, तेव्हा ही मागणी अनेक जाणत्यांना अवाजवी वाटत होती. निरक्षर माणूस मत काय देणार, हा आक्षेप तर राज्यघटना तयार होईपर्यंत टिकून होता. घटनेने तो बाजूला सारला. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं आणि एकदम सतरा कोटींहून अधिक मतदार उभे राहिले.

यातल्या बहुतेकांकडे स्वतःची ओळख पटवणारा एकही कागद नव्हता. याद्या करायला घरोघर गेलेल्या माणसांना कित्येक बायका स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. बाईला तिच्या स्वतःच्या नावाने मतदार करण्याचा तो आग्रह योग्यच होता. त्याची किंमत मात्र त्या बायकांनीच मोजली.

छायाचित्र असलेलं मतदार ओळखपत्र यायला १९९३ उजाडावं लागलं. मग सकाळी मत देऊन गेलेला माणूस दुपारी दुसऱ्याचं नाव सांगत आला, तर त्याला ओळखायचं कसं? एक वाट होती ती कागद मागण्याची. ती धरली असती तर शेतमजूर, भटके, घर नसलेले लोक पहिल्याच दिवशी दारातून परत गेले असते. दुसरी वाट शाईची. हा माणूस कोण, हे शाईला सिद्ध करावं लागत नाही. याने मत दिलं आहे, एवढंच ती सांगते. ती आली संशयापोटी, हे उघड आहे. पण बिनकागदाच्या माणसाला मत देता येण्यात तिचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तिचं रसायन साधं आहे. मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट. कातडीवरच्या घामातल्या मिठाशी त्याचा संयोग झाला की सिल्व्हर क्लोराइड बनतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात काळं पडत जातं. लावताना दिसणारा जांभळा रंग त्यात मिसळलेला असतो, खरा डाग नंतर चढतो. कातडीवरून तो काही दिवसांत जातो, नखावरचा मात्र नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तयार केलेलं सूत्र पुढे म्हैसूरच्या कारखान्याला देण्यात आलं. हा कारखाना १९३७ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी लाख आणि रंगांसाठी काढला होता. १९६२ पासून देशातल्या निवडणुकांना शाई तिथूनच पुरवली जाऊ लागली, आणि आज ती पंचवीसहून अधिक देशांत जाते. आधी नख आणि कातडी यांच्या सांध्यावर छोटीशी खूण करत. २००६ पासून नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या तळापर्यंत रेघ ओढतात.

निवडणूक नियमांतला ३७ वा नियम मला फार मोलाचा वाटतो. शाई डाव्या तर्जनीला लावायची. तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला. डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताच्या. दोन्ही हातांना बोटं नसतील तर डाव्या किंवा उजव्या हाताचा जो भाग शिल्लक असेल त्याच्या टोकाला. यंत्रात हात गमावलेला कामगार असो की कुष्ठरोगाने बोटं झडलेला माणूस, तो केंद्रावर येणारच हे नियम लिहिणारे धरून चालले होते. हाच नियम दुसऱ्या बाजूने कडक आहे. बोट दाखवायला किंवा शाई लावून घ्यायला नकार दिला, तर मत मिळत नाही. कारण ती खूण माझ्यापासून दुसऱ्याचं मत राखते. तुमच्या नावाने आधीच कुणी मत टाकून गेला असेल, तर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद होते आणि न्यायालयात वाद गेल्याशिवाय बहुधा कुणी ती उघडत नाही. शाई पुसून दुसऱ्यांदा रांगेत उभा राहणारा हे असं एका जित्याजागत्या माणसाचं मत पाकिटात घालतो.

२०१६ च्या नोटाबंदीत हीच शाई बँकांच्या रांगेत आली, तेव्हा निवडणूक आयोगाने हरकत घेतली. ती रास्त होती. तिथे बोटावर संशय उमटत होता, पण बदल्यात हक्क पदरात पडत नव्हता. अफगाणिस्तानात तर या डागापायी रक्त सांडलं. जून २०१४ मध्ये हेरात प्रांतात मत देऊन परतणाऱ्या अकरा वृद्धांची शाई लागलेली बोटं तालिबानने कापली.

आपल्याकडे शाई अजून पोचत नाही अशी एक जागा आहे, ती म्हणजे तुरुंग. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) कैदेतल्या माणसाला मत देऊ देत नाही, मग तो दोषी ठरलेला असो वा नसो. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा शाबित झालेला नाही. जामिनाचे पैसे भरता आले तो बाहेर येऊन मत देतो. न भरता आले तो आत राहतो आणि मतही गमावतो. २०१३ च्या दुरुस्तीनंतर हाच कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो, निवडूनही येऊ शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी वैध ठरवली; सुरक्षा आणि बंदोबस्ताच्या अडचणी हे त्यामागचं एक कारण होतं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला मात्र टपालाने मत देण्याची सोय याच कायद्यात आहे. ती सोय कच्च्या कैद्यांनाही द्यायला संसदेची एक दुरुस्ती पुरेल.