अनुपस्थितीचा ध्वनी : 'एम'चा आरंभीचा प्रसंग

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू, किंबहुना गाऊ लागला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा पहिला बोलपट 'एम' पडद्यावर आला. बोलपटाचा इतिहास लिहिताना 'काय ऐकू येऊ लागले' याचीच नोंद बहुधा होते. 'एम'च्या आरंभीच्या काही मिनिटांत मात्र ध्वनीचा विचार नेमका उलट्या दिशेने झालेला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम पडदा काळा आहे आणि एका लहान मुलीचा आवाज ऐकू येतो. मग उंचावरून चाळवजा इमारतीचे अंगण दिसते. मुले रिंगण करून उभी आहेत आणि खुन्याविषयीचे एक गाणे म्हणत 'बाद' होण्याचा खेळ खेळत आहेत. एक शेजारीण त्यांना दटावते. पण कपडे धुणारी एल्सीची आई म्हणते, की मुलांचे गाणे ऐकू येते आहे तोवर ती आहेत एवढे तरी कळते. या साध्या घरगुती वाक्यात संपूर्ण प्रसंगाचे सूत्र आहे. येथून पुढे प्रेक्षक आवाजाला जीवनाची खूण मानू लागतो.

घड्याळात बाराचे ठोके पडतात. आई टेबलावर ताट मांडते. तिकडे शाळेतून निघालेली एल्सी रस्त्यावरच्या जाहिरातींच्या खांबावर चेंडू आपटते आहे. खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचे बक्षीस जाहीर करणारे पत्रक आहे आणि त्या पत्रकावरच एका पुरुषाची सावली पडते. पुढे तो शीळ घालत तिला फुगा घेऊन देतो. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

जिन्यात पावले वाजतात, पण ती दुसऱ्याच मुलींची. अखेर आई "एल्सी" अशी हाक मारते. त्या हाकेवर लांग क्रमाने दाखवतो तो रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला निर्मनुष्य माळा आणि टेबलावरचे न उष्टावलेले ताट. मग झुडपांतून घरंगळत आलेला चेंडू थांबतो आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा वाऱ्याने निसटून जातो. तोवर हाक विरलेली असते.

पार्श्वसंगीत नाही, किंकाळी नाही, रक्त नाही. आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे वाच्यार्थ केवळ चेंडू आणि फुगा एवढाच आहे. मृत्यू हा व्यंग्यार्थ आहे. तो प्रेक्षकाच्या मनात पूर्ण होतो, म्हणूनच तो टाळता येत नाही.

या संयमाला ऐतिहासिक संदर्भही आहे. ड्युसेलडॉर्फमधील पीटर क्युर्टेन या खुन्याचा खटला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चालला होता आणि वृत्तपत्रे त्याच्या तपशिलांनी भरली होती. प्रेक्षक ते तपशील मनात घेऊनच चित्रपटगृहात येणार होता. त्याच्या कुतूहलाला खाद्य न पुरवता लांगने त्याला आईच्या स्वयंपाकघरात उभे केले. ही आमच्या मते केवळ शैली नव्हे, नैतिक निवड आहे.

पुढील इतिहास या निवडीचे मोल अधिक स्पष्ट करतो. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. लांग आणि खुन्याची भूमिका करणारा पीटर लोरे या दोघांनीही जर्मनी सोडली. १९३४ मध्ये 'एम'वर बंदी आली. १९४० मध्ये ज्यूद्वेषाच्या एका प्रचारपटात याच चित्रपटातील लोरेच्या कबुलीजबाबाचा तुकडा वापरण्यात आला, कारण लोरे ज्यू होता. प्रचाराला बोट दाखवण्यासाठी एक चेहरा हवा असतो. तसा वापरण्याजोगा चेहरा आरंभीच्या या प्रसंगात कोठेच नाही. तेथे आहेत फक्त एक सावली, एक हाक आणि रिकामे ताट.