परसातली खोली : कॅम्प-१चा धडा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आठवतो आणि झाडांच्या रांगांमधली आखीव सेक्टरे आठवतात. कॅम्प-१ हे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. घरांविषयीच्या नियमांचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर मला ही वस्ती सेक्टरांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. म्हणजे भिलाईचा आरंभ नागपूरच्या कारभारातला आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दरम्यान देशभरातून आलेल्या मजुरांच्या वस्तीची आठवण ‘कॅम्प’ या नावात अजून टिकून आहे.

पुढे रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंना दोन भिलाई वाढल्या. दक्षिणेकडे कारखान्याची वसाहत वसली. तिथे हुद्द्याप्रमाणे क्वार्टर मिळे, पण घर कंपनीचे असल्यामुळे त्यात स्वतःच्या मर्जीने भिंत घालता येत नसे आणि निवृत्तीनंतर ते सोडावे लागे. उत्तरेकडे कॅम्प वाढला. तिथे कोणाकडे पट्टा होता, तर कोणाकडे नुसता ताबा; मात्र घरामागे एक खोली उभी करण्याची सोय होती.

घरामागच्या मोकळ्या जागेला आपण परस म्हणतो, छत्तीसगढीत तिला बाडी म्हणतात. आधी तिथे भाजीपाला होतो. मुलाचे लग्न ठरले की खोली उठते. मुलगा दुसऱ्या गावी गेला की त्याच खोलीत भाडेकरू येतो. ज्याला निवृत्तिवेतन नाही, त्याच्या म्हातारपणाचा तोच आधार असतो, आणि नव्याने आलेल्या कंत्राटी कामगाराला कामाजवळ परवडणारा निवारा मिळतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सरकारी तिजोरीतून एक रुपयाही न घेता मागणी आणि पुरवठा यांची गाठ पडते.

आता नियमांकडे पाहू. मध्य प्रदेशात १९७३ साली नगर तथा ग्राम निवेश अधिनियम झाला आणि १९८४ साली भूमी विकास नियम आले. २००० साली छत्तीसगढ वेगळे झाले, तेव्हा हा वारसा नव्या राज्याकडे आला. पुढे, मागे आणि बाजूला किती जागा मोकळी सोडायची, भूखंडाचा किती भाग व्यापायचा, एकूण बांधकाम किती करायचे, हे असे नियम ठरवतात. त्यामागचा हेतू योग्यच आहे. उजेड, वारा, सांडपाणी आणि आगीच्या वेळी वाट या गोष्टी हव्यातच.

अडचण भूखंडाच्या आकारात आहे. समजा, भूखंड २० बाय ४० फुटांचा आहे आणि मागे ५ फूट जागा सोडायची आहे. ती पट्टी १०० चौरस फुटांची होते. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहण्याच्या एकट्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट क्षेत्र मागते. म्हणजे नियम जी जागा मोकळी ठेवायला सांगतो, ती जवळजवळ एका माणसाच्या निवाऱ्याएवढी आहे. मोठ्या भूखंडावर हा त्याग जाणवत नाही. लहान भूखंडावर नियम मोडला जातो आणि खोली उभी राहतेच.

मग काय होते? छत्तीसगढने २००२ साली अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२२ साली त्यात दुरुस्ती करून दार पुन्हा उघडले. महाराष्ट्रातही २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांची होती; २०२१ साली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवावी लागली. अपवाद वारंवार करावा लागत असेल, तर चूक नियमातच शोधायला हवी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सरकारी वसाहतीतली मागची खोली पाडण्याच्या टिपणीवर मी सही केली होती. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. फाइलमध्ये खोलीची लांबी-रुंदी होती, मात्र आत कोण राहते याचा रकाना नव्हता. आत एका कर्मचाऱ्याची वृद्ध आई राहत होती, हे मला पाडकामानंतर कळले. आज ती फाइल समोर आली, तर सही करण्यापूर्वी मी निदान एक प्रश्न विचारीन.

परदेशातल्या वाचकांना हा विषय परका वाटणार नाही. टोरांटोने २०१८ साली मागच्या गल्लीकडच्या घरांना आणि २०२२ साली परसातल्या घरांना वाट करून दिली. कॅलिफोर्नियात २०२० पासून अशा नव्या छोट्या घरासाठी मागे व बाजूला ४ फुटांहून अधिक अंतर मागता येत नाही, आणि परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. जी खोली कॅम्प-१मध्ये गरजेपोटी बांधली गेली, ती तिथे कायद्याने मान्य झाली आहे.

आपल्याकडे तीन गोष्टी करता येतील, असे मला वाटते.

१. लहान भूखंडांसाठी मागच्या अंतराचा वेगळा आणि कमी निकष ठेवावा. खिडकी, शौचालय आणि सांडपाण्याची जोडणी यांवर मात्र तडजोड नको.

२. ठरावीक मापाच्या एका खोलीसाठी छापील नमुना-नकाशा द्यावा आणि निर्णयाची मुदत बांधून द्यावी.

३. पाडकामाच्या प्रत्येक टिपणीत ‘आत कोण राहते’ हा रकाना सक्तीचा करावा.

नियमितीकरणाचे शुल्क भरून घेताना शासन नागरिकाची चूक माफ करते, असा आपला समज असतो. पण वेळेवर योग्य नियम न करण्याची चूक शासनाची असते, आणि तिचे शुल्कही नागरिकच भरतो.