आटपाट नगराचे चित्रकार

२०१८ साली मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले. नाव होते ‘द रोमँटिक रिअलिस्ट’. मांडणी सुहास बहुळकर यांची. अशा दालनात नजर आधी भव्य तैलचित्रांकडे वळते. धुरंधरांचा खरा ऐवज मात्र लहान कागदांवर आहे : पुस्तकांसाठी रंगवलेली चित्रे, पोस्टकार्डे, पेन्सिलीची रेखाटने.

धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले, १८९६ पासून तेथेच शिकवू लागले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’.

त्यांच्या काळातील चित्रमुद्रणाचा भूगोल समजून घ्यायचा तर नेरळ आणि वांगणी यांच्या मधल्या शेलू स्थानकावर उभे राहावे. रुळांच्या एका टोकाला बोरीबंदर, आणि त्यासमोरच जे. जे. दुसऱ्या दिशेने कर्जत गाठून बोरघाट चढला की लोणावळ्यापुढे मळवली लागते. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस मुंबईहून तेथेच हलवला गेला होता आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. या प्रेसने धुरंधरांची चित्रेही छापली. चित्रकला शिकवणारी शाळा आणि चित्र घरोघर पोहोचवणारा कारखाना एकाच लोहमार्गाच्या दोन बाजूंना होते.

पुस्तकांचा मामला वेगळा. तीन पुस्तके पाहा. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), लेखक एस. एम. एडवर्ड्स, मुंबईचे पोलीस कमिशनर. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४), लेखक सी. ए. किंकेड. ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०), लेखक ओटो रॉथफेल्ड. तिघेही इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी. तिन्ही पुस्तकांतली चित्रे धुरंधरांची.

यांपैकी किंकेडचे पुस्तक मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे, कारण त्यातल्या ‘नर्सरी टेल्स’ म्हणजे आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या. श्रावणात घरातल्या स्त्रियांनी हातात अक्षता घेऊन ऐकायच्या. किंकेडला मराठ्यांच्या इतिहासाची खरी ओढ होती. पुढे त्याने द. ब. पारसनीसांसह मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास लिहिला. तरीही भाषांतरात एक मौज झालीच. प्रत्येक कहाणीच्या तोंडी येणारे आटपाट नगर म्हणजे नकाशावर कोठेही नसलेले नगर. गोष्ट सुरू झाल्याची ती खूण. इंग्रजीत ते ‘आटपाट नावाचे एक गाव’ झाले. लंडनच्या मॅकमिलनने काढलेले पुस्तक वाचणाऱ्या इंग्रज मुलाने नकाशात हे गाव शोधले असते तरी त्याला दोष देता आला नसता.

चित्रकाराला अशी सूट नसते. सोमवारची कहाणी घ्या : राजाला शिवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे, साऱ्या गावाने घरातले दूध आणून ओतले तरी तो भरत नाही, मुलाबाळांना, लेकी-सुनांना आणि वासरांना पोटभर देऊन मग उरलेले खुलभर दूध एक म्हातारी वाहते आणि गाभारा भरतो. लेखक ‘म्हातारी’ म्हणून पुढे जाऊ शकतो. चित्रात आणायचे तर तिने लुगडे कसे नेसले, पदर कोठे घेतला, भांडे पितळेचे की मातीचे, उंबऱ्याशी ती कशी वाकली, हे सारे ठरवावे लागते. ही माहिती इंग्रजी मजकुरात नव्हती. ती ज्या घरात कहाण्या ऐकल्या जात, त्या घरातून येणार होती. नऊवारीच्या निऱ्या आणि काष्ट्याची ओढ धुरंधरांइतक्या अचूक हाताने फार थोड्यांनी काढली आहे.

त्या काळी रंगीत पुस्तकचित्रे प्रामुख्याने हाफटोन पद्धतीने छापत. मूळ जलरंगचित्राचे रंगगाळण्यांतून निरनिराळे फोटो काढायचे, जाळीतून त्यांचे बारीक ठिपके करायचे आणि पिवळा, लाल, निळा असे ठसे एकावर एक उठवायचे. एखादा ठसा केसभर सरकला तरी ओठांचा रंग गालावर जाई. म्हणूनच मूळ कागद समोर पाहण्याचे मोल फार. छपाईत मिसळून गेलेले कुंचल्याचे फटकारे तेथे सुटे दिसतात.

‘विमेन ऑफ इंडिया’ पाहताना मात्र कौतुक जरा अडखळते. उच्चकुलीन स्त्रिया, मध्यमवर्गीय, कष्टकरी व आदिवासी, नर्तकी अशी त्या पुस्तकाची उतरंड आहे. शेलू-कर्जतच्या डोंगरातली ठाकर किंवा कातकरी स्त्री या रचनेत कोठे बसली असती, हे प्रकरणांच्या मथळ्यांवरूनच कळते. जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून चित्रात उभे राहताना माणसाचे नाव गळून पडते, आणि या खात्यात धुरंधरही पूर्णपणे निर्दोष ठरत नाहीत. एवढे खरे की त्यांचे निरीक्षण पुष्कळदा मथळ्याला पुरून उरते : खांद्याचा एखादा कल, कंटाळलेली नजर.

हेच निरीक्षण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या पोस्टकार्डांत खट्याळ होते. मुंबईचा पोलीस, पारशी स्त्री, ठुमकणारी मोलकरीण; तेथे कोणताही साहेब प्रस्तावना लिहायला नव्हता.

धुरंधर १९४४ मध्ये वारले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर स्वतः जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार होत्या. २००९ पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात त्यांनी वडिलांचा वारसा जपला आणि ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून त्या घराची आठवणही मागे ठेवली. मळवलीचा प्रेस १९७२ च्या आगीत भस्मसात झाला. किंकेडचे पुस्तक आता प्रताधिकारमुक्त आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते चित्रांसह विनामूल्य उघडता येते, आणि शीर्षकपानावर लेखकाच्या नावाखाली धुरंधरांचे नावही वाचता येते.